दोन सुताची वाळवी

नूतनीकरण समितीच्या ठरावात माझ्याविषयी एकच वाक्य आहे. "चर्चमधील जुनी लाकडी ठवणी वाळवीने पूर्णपणे पोखरली असल्याने वापरास अयोग्य झाली आहे, सबब ती हटवण्यात यावी." खाली सचिवांची सही, तारीख आणि शिक्का. वाक्य निर्दोष आहे, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी आहे. त्यातले एकही विधान मात्र खरे नाही. हे मी खात्रीने सांगते, कारण मित्रांनो, मी एक जुनी ठवणी आहे आणि ठरावातली ठवणी मीच आहे.

ठवणी म्हणजे ग्रंथ उघडा ठेवून उभ्याने वाचता यावा यासाठी केलेली लाकडी घोडी. एकोणचाळीस वर्षे माझ्यावर पवित्र ग्रंथ वाचला गेला. संध्याकाळी शेजारच्या वसतिगृहातल्या मुली आपली शास्त्राची आणि इतिहासाची पुस्तकेही माझ्यावर टेकवून धडे पाठ करत. तेव्हा माझे शिक्षण अगदीच कच्चे आहे असे समजू नका. वाळवीचा धडा मी निदान वीस वेळा ऐकला आहे.

तो धडा असा. वाळवी जमिनीतून येते. येताना माती आणते, त्या मातीच्या नळ्या लाकडावर चढवते आणि उजेडाला भिऊन आतल्या आत खात राहते. बाहेरून लाकूड साळसूद दिसते. बोट दाबले की बोट आत जाते. माझ्या अंगावर मातीचा कणही नाही. माझ्या छातीवर आहेत ती एकवीस भोके, सगळी गोल, सगळी एका मापाची, तीन ओळींत, प्रत्येक ओळीत सात. वाळवीला पाढे येतात, असे त्या धड्यात कुठेही नव्हते.

राहिला 'वापरास अयोग्य' हा शेरा. ठरावाच्या आदल्या रविवारी माझ्यावर वाचन झाले होते. वाचणारे गृहस्थ स्वतः सचिवच होते.

पण आधी माझा जन्म सांगते, म्हणजे हा खोटेपणा कोणाच्या अंगावर जाऊन पडला ते तुम्हाला कळेल.

डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर वाळू राहतो. त्याची भाताची दोन खाचरे आहेत आणि उतारावर नाचणीचा एक तुकडा. पण आसपासच्या पाड्यांत त्याची ओळख आहे ती लाकूड कोरणारा म्हणून. गावाच्या शिवेवर उभे राहणारे वाघदेवाचे खांब तो घडवतो. हे खांब पिढ्यान्‌पिढ्या ऊनपाऊस खातात. अशा खांबाला वाळवी लागली, तर पाड्यावरचे लोक लाकडाला दोष देत नाहीत. ते कोरणाऱ्याला देतात. त्याने झाड चुकीच्या पंधरवड्यात तोडले, लाकूड पुरते मुरू दिले नाही, देवाच्या कामात कसूर केली, असा त्याचा अर्थ. मग त्या माणसाच्या दारात पुन्हा कोणी खांब सांगायला जात नाही. वाळूच्या खांबाला आजवर वाळवी लागलेली नाही. त्याच्यापाशी नाव म्हणून जे काही आहे ते एवढेच.

त्या काळी इथे वसईचे फादर सिल्वेस्टर तुस्कानो होते. कारवीच्या कुडाचे, कौलारू, बुटके असे आमचे चर्च त्यांनी नुकतेच उभे केले होते. त्यांनी वाळूला परदेशी मासिकातले एक चित्र दाखवले आणि तशी ठवणी करायला सांगितली. चित्रात पंख पसरलेला गरुड होता आणि त्याच्या पंखांवर ग्रंथ होता. युरोपातल्या चर्चमध्ये शेकडो वर्षे ही पद्धत आहे. कारण असे सांगतात, की गरुड डोळे न मिटता सूर्याकडे पाहू शकतो. हे सांगणाऱ्यांनी गरुडाकडे चौकशी केली होती किंवा कसे, याची नोंद माझ्या ऐकण्यात नाही.

वाळूने आपल्या बांधावरचे शिवणीचे झाड निवडले. पौषातला अंधारा पंधरवडा येईपर्यंत थांबून मगच त्याला कुऱ्हाड लावली. ओंडके ओढ्याच्या डोहात दगडांखाली बुडवून ठेवले आणि पुरा एक पावसाळा त्यांच्यावरून जाऊ दिला. नंतर ते चुलीवरच्या माळ्यावर, धुरात, आणखी एक उन्हाळा. फादर दर महिन्याला निरोप पाठवत, "ठवणी झाली का?" वाळू निरोप्याला सांगे, "लाकडाला इचारतो." पुढे वाकसाने, म्हणजे लाकूड तासायच्या आडव्या पात्याच्या हत्याराने, माझा आकार निघाला. बारीक काम त्याने एका पटाशीने केले. ती पटाशी टोकावड्याच्या लोहाराने टेम्पोच्या तुटक्या पाट्यातून घडवून दिली होती. माझी पिसे एकेक करून उठली. पाठीमागची पिसे भिंतीकडे जाणार, ती कोणाला दिसणार नाहीत, हे त्याला माहीत होते. ती त्याने पुढच्यांइतकीच मन लावून कोरली.

मला गोणपाटात गुंडाळून दोघांनी बांबूवर टांगून खाली आणले. फादरांनी गोणपाट बाजूला केले आणि ते पाहतच राहिले.

"वाळू, हे काय?"

"पक्षी. तुमी सांगितला तो."

"मी गरुड सांगितला होता. ही कोंबडी आहे!"

मी कोंबडी आहे, मित्रांनो. पंख पसरलेली, मान जराशी वाकवून वर पाहणारी कोंबडी, आणि पंखांखाली माझी पाच पिल्ले.

वाळू गोंधळला नाही. "चित्रात पंख पसरलेलं व्हतं, फादर. आमच्याकडं असं पंख कोन पसरती? कोंबडी. वर घार फिराया लागली का ती पंख पसरती न् पिलं आत घुसत्यात. तुमचा गरुड म्हंजे घारीचाच थोरला भाऊ ना? तो पंख पसरतो ते पिलू उचलायला. चोराला देवाच्या घरात कशापायी उभा करायचा?"

फादर हसू लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग मध्येच थांबले, आत गेले आणि ग्रंथ घेऊन आले. तो त्यांनी माझ्या पंखांवर उघडला. माझ्यावर पडलेले ते पहिले ओझे. जिथे प्रभू एका हट्टी शहराकडे पाहून व्याकूळ होतो आणि कोंबडी आपली पिल्ले पंखांखाली घेते तशी तुझी लेकरे गोळा करावी असे मला किती वेळा वाटले, अशा अर्थाचे बोलतो, तो भाग त्यांनी वाळूला वाचून दाखवला.

वाळूने शांतपणे ऐकून घेतले. "मंग तुमचा देव पाड्यावरचाच हाय," तो म्हणाला. "कोंबड्या पाळलेल्या दिसत्यात त्यानं."

त्या दिवशी मला वेदीच्या उजव्या हाताला उभे केले आणि मी कामाला लागले.

माझ्या कामाची वर्षे चांगली गेली. वाचायला येणारा प्रत्येक जण आधी नकळत माझ्या एखाद्या पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवी. त्या हातांनी पाचही डोकी गुळगुळीत झाली आहेत. एका बाईचे मूल दगावले, त्यानंतरच्या रविवारी तिच्यावरच वाचनाची पाळी होती. तिला शब्द फुटेना. तिने माझ्या पंखाच्या काठावर, जिथे पिसे सुटी सुटी होतात तिथे, बोटे घट्ट रोवली आणि मग ती वाचू लागली. सुंदर वस्तू देवाच्या घरात कशासाठी ठेवायची, यावर पंडितांनी रकाने भरभरून लिहिले आहे. मला त्या बाईची बोटे पुरेशी वाटतात. गुळगुळीत फळी असती तर ती घसरली असती. फादर तुस्कानो उपदेशात सांगत, की पाठीमागची पिसे कोरणारा माणूस प्रार्थनाच करत होता, फक्त ते त्याला कोणी सांगितलेले नव्हते. वाळूला कोणी सांगितलेही नाही. तो ख्रिस्ती झाला नाही, त्याला तसे कोणी सुचवले नाही. सणासुदीला येऊन तो बाहेरच्या पायरीवर बसे आणि दारातून माझ्याकडे पाही. आमच्या दोघांच्या नात्याला एवढे पुरे होते.

माझ्यावर अनेकांनी वाचले. त्यांत सर्वांत देखणे वाचन रविंद्रचे. तो वाळूच्याच पाड्याचा, शाळेत लेखनिक. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला. घाई नाही, की नाटकीपणा नाही. तो वाचू लागला की मागच्या बाकावरची कुजबूज आपोआप थांबे. मला त्याचा अभिमान होता. लाकडाला अभिमान नसावा, हे मला मान्य आहे.

कालांतराने फादर तुस्कानो वारले. नवे फादर आले, सज्जन आणि घाईत असलेले. नूतनीकरण समिती झाली आणि रविंद्र तिचा सचिव झाला. कुडाच्या जागी विटा आल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कुडाला खरोखरच वय झाले होते. मग चकचकीत फरशा आल्या आणि छताखाली दुसरे खोटे छत आले, ते कशासाठी हे अद्याप कोणी सांगितलेले नाही. शेवटी माझ्या जागी उभा करायला एक गरुड आला. सोनेरी रंगाचा, साच्यातून काढलेला, आतून पोकळ. टिचकी मारली तर प्लास्टिकच्या बादलीसारखा वाजतो. पण वरच्या कार्यालयाचा एक नियम आहे. उपासनेतली जुनी वस्तू काढायची असेल, तर ती निकामी झाल्याचे लेखी कारण द्यावे लागते. मी निकामी नव्हते. त्यामुळे मला निकामी करणे आले.

मंगळवार होता, दुपारचे तीन. चर्चला कुलूप असताना रविंद्र आत आला. हातात पिशवी होती. मला खरेच वाटले, की तो मला नीट करायला आला आहे. माझ्या खालच्या पट्टीची एक खुंटी ढिली झाली होती. त्याने ग्रंथ उचलून अदबीने बाकावर ठेवला. मग खिशातून शाळेची पट्टी काढली, पेन्सिल काढली, आणि माझ्या छातीवर तीन सरळ रेघा मारल्या. त्यांवर सारख्या अंतराने खुणा केल्या. हजेरीपटाला रेघा मारणारा हात होता तो; वाकडी रेघ त्याला जमणारच नव्हती. मग त्याने पिशवीतून ड्रिल काढले आणि त्याची वायर भिंतीत जोडली.

मित्रांनो, मी कुऱ्हाड सोसली आहे, वाकस सोसला आहे, चुलीचा धूर सोसला आहे. ते सारे मला काहीतरी करण्यासाठी होते. इथे जे चालले होते त्याला माझ्याजवळ शब्द नव्हता. ज्या आवाजाने इतकी वर्षे माझ्यावर सत्याचा ग्रंथ वाचला, तो माणूस दात आवळून, एक अक्षर न बोलता, मला भोके पाडत होता. एकविसावे झाले तेव्हा त्याने खोडरबराने पेन्सिलीच्या खुणा पुसल्या. जमिनीवरचा भुसा रुमालात गोळा केला. ग्रंथ परत माझ्यावर ठेवला. जाता जाता सवयीने एका पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला.

संध्याकाळी समितीने लांबूनच भोके पाहिली. "अरेरे," सगळे म्हणाले. ठराव झाला. कोणी जवळ येऊन हात लावून पाहिले नाही. विद्वत्तेच्या इतिहासात असे निष्कर्ष पुष्कळ आहेत.

रविवारी मिस्सेच्या उपासनेनंतर ठराव मोठ्याने वाचला गेला. दुर्दैवाने त्या दिवशी वाळू पायरीवर बसला होता. 'वाळवीने पूर्णपणे पोखरली' हे शब्द त्याने ऐकले. तो उठला आणि डोंगराकडे चालू लागला.

बातमी त्याच्या आधी पाड्यांत पोचली. म्हसा गावाच्या बाजूचा पंढरी नावाचा शेतकरी गावासाठी वाघदेवाचा नवा खांब सांगून गेला होता. तो दोनच दिवसांत दारात आला. "काका, राग नका धरू," तो म्हणाला, "पन गावकी म्हंते, चर्चातल्या लाकडाला वाळवी लागली, तर आमच्या देवाला काय भरोसा? आमी दुसऱ्याला सांगतो." वाळूने मान हलवली. त्याने वाकस, पटाश्या, मोगरी सगळे एका गोणपाटात बांधले आणि माळ्यावर टाकले. त्याची मुलगी प्रेमा त्याच्या हाताखाली कोरायला शिकलेली. खांबाच्या वेलबुट्टीचे काम आता तीच करते. ती म्हणाली, "बाबा, अमावाशेला झाड तोडायचं ठरलं व्हतं ना?" वाळू म्हणाला, "माझं हात खोटं निघालं, गो. आता कशाचं झाड?"

हे संभाषण मी ऐकलेले नाही. प्रेमाने ते सकुबाईला सांगितले तेव्हा ऐकले. सकुबाई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते. मी तोवर तिच्या लाकडांच्या खोपटात येऊन पडले होते.

"मला माझ्या बापाची कोंबडी बघू दे, मावशे," प्रेमा म्हणाली. "जाळली नाय ना?"

"सचिवसायबांनी जळनालाच धाडली हाय," सकुबाई म्हणाली. "चार दिवस झालं, रोज इचारतात, जाळली का, जाळली का. कोंबडी पिलांसकट चुलीत घालाया मी काय कोल्ही हाय? सांगितलं, ओली हाय, धूर करती."

प्रेमाने मला उजेडात ओढले. आधी तिने नुसते पाहिले. मग गवताची काडी मोडून पहिल्या भोकात घातली, बोटाने खूण धरली, दुसऱ्यात घातली, तिसऱ्यात घातली. काडी प्रत्येक वेळी त्याच खुणेपर्यंत गेली. तिने एका भोकात फुंकर मारली. आतून ताजा पिवळा भुसा उडाला. तिने माझ्या पाठीवर, जिथली पिसे कोणी पाहत नाही तिथे, बोटांच्या गाठींनी ठोकले. मी टणक आवाज दिला. तेवढेच मला देता येण्यासारखे होते.

प्रेमाने काडी टाकून दिली. "मावशे," ती म्हणाली, "कुनीतरी मुद्दाम केलंय हे."

"देवाच्या घरात?" सकुबाई म्हणाली.

मित्रांनो, इथे माझ्यासारख्या वस्तूने तुमच्याकडे काही मागायचे असते. मी तुम्हाला जुन्या वस्तूंवर दया करा असे सांगणार नाही. दया मला नको. एवढेच सांगते, की कोणी म्हणाले, अमुक वस्तू सडली, फेकून द्या, तर त्या वस्तूपाशी जा. काडी घाला, फुंकर मारा, ठोकून पाहा. कोणाच्या तरी हातांचे नाव त्या वस्तूत अडकलेले असते, आणि शिक्का मारणाऱ्याला ते सहसा माहीत नसते.

पुढच्या रविवारी मिस्सा संपून लोक बाहेर पडत होते, तेव्हा मी दारासमोरच्या पायऱ्यांवर उभी होते. मला प्रेमाने आणि सकुबाईने उचलून आणले होते. प्रेमाने बापाला जवळजवळ ओढत आणले होते आणि पंढरीलाही निरोप देऊन बोलावले होते. नवे फादर घाईत बाहेर आले आणि घाई विसरून थांबले.

वाळू माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याची नजर आता अधू आहे. त्याने करंगळीचे टोक पहिल्या भोकाला लावले, मग दुसऱ्याला, आणि सावकाश तिन्ही ओळी संपवल्या.

"ही वाळवी दोन सुताची हाय," तो म्हणाला. सूत म्हणजे सुताराचे बारीक माप, पाव इंचाचे निम्मे. "समदी दोन सुताची. एक जाडी नाय, एक बारीक नाय. पन्नास वर्सं लाकूड करतोय, अशी वाळवी पयल्यांदा बघितली."

"वेगळी कीड असंल, काका," मागून रविंद्र म्हणाला. तो आवाज मी ओळखला नसता.

"असंल की," सकुबाई म्हणाली. "शाळेत गेलेली असंल. बघा कशी प्रार्थनेला रांगंत उभी हाय."

कोणीतरी हसले. पंढरीने पुढे होऊन स्वतः एका भोकात काडी घातली, तिला चिकटून आलेला भुसा तळहातावर घेऊन पाहिला, आणि तो हात तसाच नव्या फादरांपुढे धरला. फादरांनी भुशाकडे पाहिले, मग रविंद्रकडे. "रविंद्र," ते म्हणाले, "तुम्हाला काही बोलायचं आहे?"

रविंद्र लोकांकडे पाहत नव्हता. वाळूकडेही पाहत नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता. मग तो बोलला, आणि माझ्यावर वाचायचा त्याच आवाजात बोलला. बोलून झाल्यावर फादरांनी ठरावाची वही मागवली. "ज्या पानावर तो ठराव आहे त्याच पानावर लिहा," ते म्हणाले. "आत्ता बोललात तसंच. भाषा सुधारू नका." सचिव या नात्याने नोंद घेण्याचे काम रविंद्रचेच होते. माझ्या पंखांवर वही ठेवून, उभ्याने, त्याने लिहिले. मी शब्दन्‌शब्द देते:

"वाळवी लागली नव्हती. भोकं मी पाडली, पट्टी लावून, ड्रिलनं. वाळूकाकाचं लाकूड खणखणीत हाय, त्यांच्या हातात कायबी खोट नाय. ठाण्याचे पाव्हणे चर्च बघाया आले व्हते, ते कोंबडी बघून हसले, तवा मीपन हसलो. तवापासून वाचाया उभा राह्यलो का मला अक्षरं दिसायची नाय, कोंबडीच दिसायची. वाटलं, ती गेली का परत नीट वाचता येईल. आता गरुडावरबी येत नाय."